कारणाचा रकाना

साहित्याचे परीक्षण करण्याचा अधिकार मला कोणीही दिलेला नाही. मी बी.कॉम. आहे. कॉलेजात पहिल्या वर्षाला आम्हांला मराठी होते, पण तो तास दुपारच्या जेवणानंतर असल्यामुळे वर्गात प्राध्यापक आणि पंखा एवढे दोघेच नियमित हजर असत. त्यातला पंखाही लोडशेडिंगमुळे अधूनमधून रजेवर जाई. पुढे यवतमाळला बँकेत लागलो. तेव्हापासून मी दोनच प्रकारचे वाङ्मय वाचतो : गिऱ्हाइकांनी भरलेल्या स्लिपा आणि हेड ऑफिसची परिपत्रके. पहिल्यात मजकूर थोडा आणि खाडाखोड फार. दुसऱ्यात मजकूर फार आणि अर्थ थोडा. सही मात्र दोन्हींवर करावी लागते.

असे असताना गेल्या महिन्यात माझ्यावर एका ग्रंथाचे परीक्षण करण्याची पाळी आली. ग्रंथ म्हणजे शंभर पानी वही. लेखक म्हणजे आमचे हेडकॅशियर. संध्याकाळी कॅश जुळल्यावर ते माझ्या टेबलाशी आले, त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि शंभराच्या बंडलासारखी ती वही माझ्या हातात दाबून म्हणाले, "जरा वाचून पाहा बरं. काही चुकलं असन तर पेन्सिलीनं लिहा. पेन नका वापरू."

वहीच्या कव्हरवर 'राजस्थान सहल (एल.एफ.सी.)' असे सुवाच्य अक्षरात लिहिले होते. ज्यांचा बँकेशी संबंध फक्त पैसे काढण्यापुरता येतो त्यांच्यासाठी सांगतो : एल.एफ.सी. म्हणजे सहकुटुंब देश पाहण्यासाठी बँक देते ते भाडे. हे भाडे ठरावीक वर्षांच्या अंतराने मिळत असल्यामुळे आमचे देशप्रेमही त्याच अंतराने उफाळून येते. मी पान उलटले. आत लाल शाईने दुसरे शीर्षक होते : 'जैसलमेर. भांग. शासनमान्य.' यातला 'शासनमान्य' हा शब्द दोनदा अधोरेखित केला होता. पोस्टाच्या बचतपत्राबद्दल लिहावे तसा.

आता तुम्ही म्हणाल, हेडकॅशियर आणि भांग? तर या गृहस्थांना मी वीस वर्षे ओळखतो. ते सुपारीसुद्धा दोन तुकडे करून खातात आणि दुसरा तुकडा संध्याकाळसाठी ठेवतात. त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे साहस म्हणजे एकदा त्यांनी फाटकी नोट घेतली होती, आणि तीही चिकटपट्टी लावून दुसऱ्या दिवशी परत चालवली. अशा माणसाने हा विषय निवडावा याचेच मला प्रथम कौतुक वाटले. चांगल्या लेखकाने अनुभवाबाहेरचे लिहू नये म्हणतात. पण तसे ठरवले तर बँकेतल्या माणसाला लिहायला व्याजदराखेरीज काय उरते?

मराठीत प्रवासवर्णने पुष्कळ आहेत, पण ती सगळी परत आल्यावर लिहिलेली. त्यामुळे त्यांत उवा, जुलाब आणि चुकलेल्या गाड्या फार. ही वही निघण्यापूर्वी लिहिलेली असल्यामुळे तिच्यात प्रत्येक गाडी वेळेवर येते आणि प्रत्येक खोलीत गरम पाणी असते. या वाङ्मयप्रकाराचा हा मोठाच गुण मानला पाहिजे.

पहिल्या प्रकरणात लेखकाने पाच प्रश्न मांडले आहेत :

१. चालते का?
२. किती चालते?
३. कुठे चालते?
४. सोबत आणता येते का?
५. सौ.ला काय सांगायचे?

पहिल्या चार प्रश्नांना मिळून तीसएक पाने दिली आहेत. पाचव्या प्रश्नापुढे फक्त टिंबे आहेत. आधुनिक साहित्यात अशा टिंबांना फार महत्त्व असते, असे माझ्या कानावर आले आहे.

दुसरे प्रकरण कायद्याचे. इथे लेखकाने १९८५ सालच्या अमली पदार्थविरोधी कायद्यातली व्याख्या उतरवून घेतली आहे, आणि मी प्रामाणिकपणे सांगतो, अख्ख्या वहीतली हीच सर्वांत वाचनीय जागा आहे. तिचा आशय असा : गांजा म्हणजे त्या झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळाचे शेंडे, बिया आणि पाने यांत धरायची नाहीत, पण कधी? ती शेंड्यांच्या सोबत नसतील तर! म्हणजे झाड एक, मूळ एक, पाणी एक. शेंडा सापडला तर तुरुंग आणि पान सापडले तर ते निर्दोष. मात्र पान शेंड्याच्या सोबत सापडले की तेही आत. आमच्या आईने लहानपणी आम्हांला हाच कायदा लावला होता. "तू चांगला आहेस रे, त्या पोरांच्या सोबत नसशील तर."

ही युक्ती आपल्या कायद्याने आयत्या वेळी काढलेली नाही. १९६१ साली अमली पदार्थांविषयी जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यातही पाने आणि बिया अशाच वगळल्या होत्या. ज्या देशांत हे झाड परंपरेने चालत होते त्यांना ती सवय मोडायला करार अमलात आल्यापासून २५ वर्षांची मुदत मिळाली होती. १९६४ साली करार अमलात आला, म्हणजे १९८९ ला मुदत भरणार. आपण १९८५ च्या सप्टेंबरात कायदा केला आणि नोव्हेंबरात लागू केला. सरकारी काम मुदतीच्या चार वर्षे आधी पुरे झाल्याचे हे एवढे एकच उदाहरण मला ठाऊक आहे. शेंडे गेले आणि भांगेची पाने राज्यांच्या हाती राहिली. त्या पानांचे काय करायचे ते प्रत्येक राज्याने आपापल्या स्वभावाप्रमाणे ठरवले. राजस्थानाने परवाना देऊन दुकाने ठेवली. जैसलमेरला किल्ल्याच्या दाराशीच अधिकृत दुकान आहे आणि तशी पाटीही आहे. आपल्या महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदीचा कायदा आधीपासून बसलेला होता. त्याने भांगेलाही परवान्याच्या दावणीला बांधले.

इथे लेखकाने समासात एक टीप दिली आहे, ती त्यांच्या धंद्याला शोभणारी आहे. कायद्यात एक किलोपर्यंतच्या गांजाला 'अल्प प्रमाण' म्हटले आहे आणि वीस किलोच्या वर गेले की 'व्यापारी प्रमाण'. लेखक लिहितात : 'अल्प म्हणजे माफ नव्हे. एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आपण पानाच्या बाहेर जायचे नाही.' वाक्य छोटे, अर्थ स्वच्छ, आणि धास्ती अस्सल.

पण या प्रकरणात एक मोठा दोष आहे. लेखक परराज्याच्या पाटीने इतके दिपून गेले आहेत की घरचा दिवा त्यांना दिसलेला नाही. अहो, नशेच्या बाबतीत आपल्या राज्याचे वाङ्मय काय कमी आहे? आपल्याकडे दारू विकत घ्यायला दुकान पुरत नाही, पिणाऱ्यालाही परवाना लागतो. एक दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो, जन्मभराचाही मिळतो. आणि तो कशासाठी मिळतो? प्रकृतीच्या रक्षणासाठी! म्हणजे बारमध्ये रात्री अकराला टेबलावर डोके ठेवून जो गृहस्थ निपचित पडला आहे, तो कागदोपत्री आपली प्रकृती सांभाळत असतो. शिवाय वयाची अट. आपल्या राज्यात अठराव्या वर्षी सरकार निवडता येते, एकविसाव्या वर्षी बायको आणि पंचविसाव्या वर्षी व्हिस्की. यांत अधिक समज कशाला लागते हे शासनाने ठरवून टाकले आहे. लग्न झालेल्यांचे आणि मतदान केलेल्यांचे मत वेगळे पडेल.

तिसरे प्रकरण प्रवासाचे. यवतमाळहून बसने वर्धा, तिथून रेल्वे, पुढे जोधपूर आणि जैसलमेर. वाचताना मी पेन्सिल खाली ठेवून हसलो. कारण लेखकाच्या लक्षात आले नसेल, पण ही मराठीतली थोर विनोदी कल्पना आहे. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी. आमच्या जिल्ह्यात दुकाने उघडी. म्हणजे ओल्या जिल्ह्यातून निघायचे, कोरड्या जिल्ह्यात गाडीत बसायचे आणि भिजायला वाळवंटात जायचे!

ज्या गोष्टीसाठी लेखक दीड हजार किलोमीटर जाणार आहेत, ती गोष्ट वर्धेकरांना पूल ओलांडला की होते. वर्धा नदीच्या या काठाला आम्ही, त्या काठाला ते. पाणी एकच. पुलाच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाच्या खिशातली बाटली अर्धी गुन्हा आणि अर्धी प्रकृतिरक्षण. इकडून आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत : संध्याकाळी त्या काठाची मोटारसायकल येते, मागे बसलेला उतरतो, आणि कुणी ओळखीचा भेटलाच तर म्हणतो, "काही नाही, चिंतामणीचं दर्शन घ्यायला आलतो." कळंबच्या श्रीचिंतामणीला खरे भाविक थोडेथोडके नाहीत, पण ते परत जाताना सरळ चालतात. आता तर वर्ध्याहून देवळीमार्गे कळंबपर्यंत रेल्वेही झाली. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांनी यवतमाळला येऊन ती सुरू केली. विकासासाठी केली हे खरेच; पण कोरड्या गावातून निघून ओल्या गावाशी संपणारी रेल्वे काढावी, ही रुळांची विनोदबुद्धी आहे.

खाली वणीकडे हाच खेळ दुसऱ्या बाजूने झाला. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ ला दारूबंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. तारीख अशी निवडली होती की पहिले काही तास लोकांना ती थट्टाच वाटली असेल. गडचिरोलीत १९९३ पासून आहे ती आहेच. म्हणजे विदर्भाचा नकाशा समोर ठेवला तर आम्ही यवतमाळकर इतरांचे जैसलमेर आहोत! पाहुणे येतात, विचारतात, "चालते का? किती चालते? सोबत नेता येते का?" आम्ही पुलाच्या या टोकाला उभे राहून त्यांना हसतो. आणि आमचे हेडकॅशियर तेच प्रश्न लाल शाईने लिहून राजस्थानकडे निघालेले. माणूस दुसऱ्याच्या सीमेला हसतो तेव्हा त्याच्याही खिशात कुठल्या तरी सीमेचे तिकीट असते, एवढे या प्रकरणावरून सिद्ध होते.

चौथे प्रकरण तुलनात्मक आहे. लेखकाचे साडू अमेरिकेत डेन्व्हरला असतात. त्यांचा मुलगा तिकडे नोकरीला, आणि हे दोघे नवरा-बायको नातू सांभाळायला दर दोन वर्षांनी व्हिजिटर व्हिसावर जातात. त्या कोलोरॅडो राज्यात २०१२ च्या नोव्हेंबरात लोकांनी मतदान करून गांजा मोकळा केला आणि १ जानेवारी २०१४ पासून दुकाने उघडली. लेखकाने साडूंना फोन करून तिथली सगळी माहिती टिपून घेतली आहे. एकवीस वर्षे पूर्ण झाली की दुकानात जाऊन घेता येतो. ठीक. रस्त्यावर ओढायचा नाही. बागेत नाही. बहुतेक हॉटेलांच्या खोल्यांत धूर चालत नाही. डोंगरातली राष्ट्रीय उद्याने केंद्र सरकारची आणि केंद्राच्या कायद्यात त्याला मोकळीक नाही, म्हणून तिथे तर मुळीच नाही. शेजारच्या राज्यात न्यायचा नाही, विमानतळावर आणायचा नाही. आणि परदेशी माणसाने आपण घेतल्याचे अधिकाऱ्यापुढे कबूल केले तर त्याचा पुढचा प्रवेश अडकू शकतो. मग तिथल्या राज्याचा कायदा काही का म्हणेना.

साडूंनी शेवटी सांगितले म्हणे, "अहो, घेऊन करायचं काय? ओढायला जागाच नाही. आपल्या लॉकरमधल्या दागिन्यांसारखं आहे. आहे म्हणून समाधान मानायचं." नातवाच्या बाबागाडीला धरून हा गृहस्थ दहा वर्षे त्या दुकानावरून जातो आहे. आत कधी गेला नाही. का, असे विचारल्यावर म्हणाला, "व्हिसा गेला तर नातू कोण दाखवील?" लेखकाने हे वाक्य जसेच्या तसे उतरवले आहे आणि पुढच्या ओळीत लगेच हॉटेलचे दर सुरू केले आहेत. साहित्यिक दृष्ट्या ही फार मोठी चूक आहे. इथे थांबायला हवे होते.

पाचवे प्रकरण ऐतिहासिक. 'इंग्रजांनी चौकशी करून निकाल दिला आहे की माफक प्रमाणात अपाय नाही' असे एका ओळीत लिहून लेखक मोकळे झाले आहेत. आमच्याकडे याला 'अपूर्ण व्हाउचर' म्हणतात. मी हे प्रकरण मुळातून पाहिले. १८९३ साली सरकारने गांजा-भांग-चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याने १,१९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये अनेक खंडांचा अहवाल दिला. त्या वेळी आपला जिल्हा वऱ्हाडात होता आणि त्याचे नाव वणी होते. यवतमाळ हे नाव १९०५ चे. माफक सेवनाबद्दल आयोग तसे म्हणाला हे खरे. पण अतिसेवनाने नुकसान होते, हेही त्यानेच म्हटले आहे. एवढेच नव्हे, तर सरसकट बंदी नको, कर बसवा आणि ताब्यात ठेवा, असा सल्लाही दिला. लेखकाने जमेची बाजू उतरवली आणि नावेची सोडली. असा ताळेबंद कोणी माझ्यापुढे ठेवला तर मी चहा पाजून परत पाठवतो.

मात्र त्या अहवालात एक जागा अशी आहे की ती वाचून माझ्यासारख्या कारकुनाचे डोळे भरून यावेत. गांजाने वेड लागते अशी तेव्हा समजूत होती आणि पुरावा म्हणून वेड्यांच्या इस्पितळांची रजिस्टरे दाखवली जात. आयोगाने १८९२ सालची रजिस्टरे घेऊन एकेका रोग्याची पुन्हा चौकशी केली. २२२ जणांच्या नावापुढे गांजा-भांग हे कारण लिहिलेले होते. शोध घेतल्यावर ती २२२ प्रकरणे ९८ वर आली. मग बाकीच्यांचे काय? तर रजिस्टरमध्ये 'वेडाचे कारण' असा एक रकाना होता. रकाना म्हटला की तो भरला पाहिजे. खरे कारण कुणाला ठाऊक नाही, कोणीतरी म्हणाले, हा गांजा ओढत असे, लिहा गांजा! वरच्याने खालच्याचे उतरवले, त्याच्या वरच्याने त्याचे, आणि त्यातून सरकारी आकडा तयार झाला.

मी तो मजकूर वाचला आणि मला त्या अज्ञात कारकुनाचा चेहरा दिसला. तो माझ्यासारखाच होता. कारण मीही रकाने भरतो.

त्याच आठवड्यातली गोष्ट. बचत गटातली एक बाई माझ्या काउंटरवर आली. गाव कळंबच्या बाजूचे, नदीपासून जवळ. तिला दहा हजारांचे कर्ज हवे होते. मी फॉर्म भरायला घेतला. नाव, वय, गट, हमी, सगळे झाले. मग आला 'कर्जाचे कारण' हा रकाना. तिने पदर सारखा केला आणि विचारले, "खरं लिवू का शेळ्या लिवू, साहेब?"

इथे मला एक कबुलीजबाब दिला पाहिजे. हा रकाना मी वीस वर्षे 'शेळीपालन' या एकाच शब्दाने भरत आलो आहे. तो मंजूर होतो. आमच्या शाखेची कागदपत्रे खरी मानली तर या तालुक्यात माणसांपेक्षा शेळ्या जास्त असाव्यात आणि जनगणनेच्या लोकांना त्या अजून कशा दिसल्या नाहीत याचे आश्चर्य वाटावे.

"खरं काय आहे?" मी विचारले.

"खरं तुमाले मालूमच हाये. घरचे मजुरी दुकानात ठेवून येतात. पोरीची फी भरा लागते."

मग तिने त्यांच्या गावच्या मतदानाची हकीकत सांगितली. दुकान बंद करण्यासाठी बायांनी अर्ज केला होता. त्या मतदानात उमेदवार दोनच असतात : उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. आमच्या जिल्ह्यातली ही एकच निवडणूक अशी की जिच्यात उमेदवार निदान मतदानापूर्वी तरी शुद्धीवर असतो. पण नियम असा की मत देणाऱ्यांपैकी निम्म्या पुरत नाहीत. यादीतल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला पाहिजे. म्हणजे जी आलीच नाही ती उभ्या बाटलीच्या बाजूची धरली जाते. आणि मतदान आले नेमके कापसाच्या वेचणीत. ज्या बाईची दिवसाची मजुरी बुडाली तर रात्री चूल पेटत नाही, ती शिक्का मारायला कशी येणार? बाटली उभीच राहिली.

हे सगळे ती कुरकुर न करता सांगत होती. तेवढ्यात मागच्या पिंजऱ्यातून हेडकॅशियरांचा आवाज आला. ते फोनवर कुणाला तरी सांगत होते, "नाही हो, जैसलमेरची सरकारी आहे. पाटी आहे तिथं!" तिने ऐकले. मला विचारले, "कायची पाटी?" मी सांगितले. ती हसली. म्हणाली, "येवढ्या दूर तिकीट काढून जाता काय बाप्पा? आमच्या घरी त नशा पायी चालत येते."

मी रकान्यात 'शेळीपालन' लिहिले. कर्ज मंजूर झाले.

त्या रात्री मी वही पुन्हा वाचली आणि माझे परीक्षण पुरे केले. गुण असे : विषय नवा, भाषा स्वच्छ, आकडे जुळणारे. सहावे प्रकरण 'घ्यावयाची काळजी' हे तर उत्कृष्ट आहे. खाल्लेली-प्यालेली भांग ताबडतोब चढत नाही, तास-दीड तास लागतो, कधी त्याहूनही जास्त, आणि काहीच होत नाही असे समजून नवखा माणूस दुसरा पेला मागवतो, हे लेखकाने लिहिले आहे. मी शेजारी पेन्सिलीने उदाहरण जोडले : 'चेक टाकला की लगेच खात्यात दिसत नाही. म्हणून गिऱ्हाईक घाबरून दुसरा टाकतो. मग दोन्ही एकाच वेळी वटतात.' दोष असे : स्त्री-व्यक्तिरेखा दुर्बळ. सहल सहकुटुंब, भाडे सहकुटुंब. पण अख्ख्या वहीत सौ. एकदाच येतात, 'सौ. किल्ला पाहतील' एवढ्या तीन शब्दांत. बाराव्या शतकातला किल्ला, गडीसरचे तळे, पटवांच्या हवेल्या, समचे वाळूचे डोंगर, हे सगळे फक्त 'त्या वेळी सौ. काय करतील' या प्रश्नाचे उत्तर म्हणून आले आहे. परतीच्या प्रवासाला एक ओळ. आणि सर्वांत मोठा दोष मी शेवटी लिहिला :

'चालते का, किती चालते, कुठे चालते, सर्व आहे. कशासाठी, हे कुठेही नाही. कारणाचा रकाना कोरा आहे. पूर्तता करून पुन्हा सादर करावे.'

आता हा शेरा मारताना मी कुणी साधुपुरुष नव्हतो. सोबत येणाऱ्यांच्या यादीत पाचवे नाव पेन्सिलीने लिहिलेले होते, आणि अक्षर माझे होते.

चार दिवसांनी वही परत आली. हेडकॅशियरांनी ती टेबलावर ठेवली आणि काही न बोलता पिंजऱ्यात जाऊन नोटा मोजू लागले. मी शेवटचे पान उघडले. माझ्या शेऱ्याखाली त्यांनी लिहिले होते : 'तेहतीस वर्षे लोकांच्या नोटा मोजल्या. दोन तास काही मोजायचे नाही, असे वाटले.'

वीस वर्षांत त्यांच्याबद्दल मला एवढे कधी समजले नव्हते. हा रकाना मी भरायला घेतला असता तर 'मनोरंजन' लिहून मोकळा झालो असतो.

पण त्या ओळीखाली आणखी एक ओळ होती. अक्षर वेगळे, आणि शाई पेनची. खोडता येऊ नये अशी.

'मीही तेहतीस वर्षे मोजते आहे. पोळ्या, कपडे आणि तुमच्या गोळ्या. माझा रकाना कुठे आहे?'

मी घाईघाईने पहिले पान काढले. पाचवा प्रश्न, 'सौ.ला काय सांगायचे?' त्याच्यापुढची टिंबे नाहीशी झाली होती. त्यांच्या जागी त्याच पेनने, त्याच अक्षरात लिहिले होते :

'काही सांगू नका. वही वाचली. खिडकीची जागा माझी.'